खूण केल्याबिगर कापायचं न्हाय

“रोबोट कापनार, मग तुमी कुटं असनार?”

दत्तात्रयनं हे अशा नजरेनं विचारलं, की भिंतीवरची माझी डिग्री खाली उतरवून शिक्का दाखवावा असं मला वाटलं.

त्याची आठ वर्षांची मुलगी श्रावणी लघवीला वेळेवर जायची, तरी दिवसभर ओलीच. शाळेनं तिला आळशी ठरवलं. मीही पहिल्या भेटीत ‘सवय’ म्हणून औषध दिलं. दुसऱ्या भेटीत तिची आई वैतागली, “डॉक्टर, ती करत न्हाय हो, गळतंय!” त्या एका शब्दावर मी स्कॅन करून घेतला.

मूत्रपिंडातून लघवी मूत्राशयात आणणारी नळी म्हणजे युरेटर. दोन्ही बाजूंना एकेक असते. श्रावणीला डावीकडे जन्मतः दोन होत्या. एक नीट मूत्राशयात, दुसरी चुकार, लघवी रोखून धरणाऱ्या झडपेच्या पलीकडे उघडणारी. म्हणून गळती. चुकार नळी कापून चांगलीला जोडायची होती.

“रोबोट स्वतःहून काही करत नाही,” मी म्हणालो. “शेजारी कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलाशी, बसून त्याचे हात मीच चालवतो.”

“म्हंजी तुमीबी ऑपरेटरच की.” दत्तात्रय मोहोळचा, चिंचोळी एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशीनवर ऑपरेटर. “मग सांगा, माझी पोरगी कितवा पीस?”

थाप मारायचा मोह झाला, पण आवरला. “लहान मुलांत तिसरी. पुण्याचे सीनियर सर शेजारी असतील.”

“म्हंजी ट्रायलच. आन चुकून चांगली नळी कापली तर?”

“चुकार नळी फुगलेली असते. लगेच ओळखू येते.”

“आमी नुस्तं डोळ्यानं ओळखत न्हाय, सायेब. खूण केल्याबिगर कापतच न्हाय.”

खूण करता येते, हे मला ठाऊक होतं. चांगल्या नळीत दुर्बिणीतून आधी स्टेंट, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, घालून ठेवायची. वीसेक मिनिटं जातात. स्कॅन इतका स्पष्ट असताना कशाला, म्हणून मी ते वगळलं होतं. सीनियरना फोन केला.

“घाल की. तुझ्यापेक्षा बाप शहाणा दिसतोय.”

ऑपरेशनच्या दिवशी पडद्यावर दोन्ही नळ्या एकाच आवरणात, सारख्याच जाडीच्या. फुगीर वगैरे कुणीच नाही. मी बेधडक एक ‘चुकार’ ठरवली आणि चिमट्यात हलकेच दाबली. रोबोटच्या हातातून स्पर्श कळत नाही, दिसतं तेवढंच. ती चपटी होईना. आत स्टेंट होता.

मी चांगली नळी कापायला निघालो होतो.

सीनियरनी पडद्यावर फक्त दुसऱ्या नळीकडे बोट दाखवलं. शिव्या परवडल्या असत्या.

पुढचं सरळ झालं. महिन्याभरानं स्टेंट काढला. श्रावणी आता कोरडी असते. दत्तात्रयनं आभार मानले नाहीत. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग मागितलं, खुर्ची ओढून पूर्ण बघितलं.

“हितं थांबला तुमी. का?”

मी खरं ते सांगितलं.

“बरं झालं इच्यारलं,” तो एवढंच म्हणाला.

आता अशा प्रत्येक केसमध्ये स्टेंट आधी. आणि नातेवाईक शंका काढू लागले, की मी घड्याळ बघत नाही.