रज्जाकचं ‘त्ये’

विहिरीत गाळ साठतो तसे आमच्या धंद्यातले किस्से साठलेत. उपसायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून मी बसलोय. शाळा चौथीपर्यंत, चुका काढायच्या असतील तर वाचू नका. मी आणि रज्जाक मिस्त्री विहिरीतल्या बुडालेल्या मोटारी काढायचो. तो दोराला बांधून खाली, मी वर कप्पीपाशी. दोराच्या खुणा ठरलेल्या. एक हिसका, सोड. दोन, थांब. तीन, वर घे.

रज्जाकला कशाचं नावच आठवायचं नाही. खालून ओरडायचा, "त्ये सोड!" मी बरोबर पाना सोडायचो. किसन नावाचा नवा गडी एकदा विचारतो, "चाचा, त्ये म्हंजी काय?"

"त्ये म्हंजी त्ये! एवढं कळत न्हाई तर शेरडं राख जा!"

*

घोडेगावात स्पेअरच्या दुकानात गेलो. रज्जाक म्हणाला, "त्याच्यात बसतं त्ये द्या." दुकानदारानं मान वर न करता बुश काढून दिला. नेमका!

"तुमाला कसं कळलं वो?" मी विचारलं.

"कळायचंय काय? सगळा तालुका हेच मागतो!"

*

त्याच्या मोबाईलमधे अकरा नंबर, सगळ्यांचं नाव ‘त्यो’. एकदा एका ‘त्यो’चा फोन आला. लई वेळ बोलला.

"कोन हुता रं?"

"आठवंना. पन मला वळखतो."

*

नेवाशाकडची विहीर. भर दुपार. खालून आवाज आला, "त्ये!"

"पाना का?"

"न्हाई!"

"पक्कड?"

"न्हाई रं, त्ये!"

आणि दोराला तीन हिसके.

मी आणि किसननं ओढलं. रज्जाक म्हणजे काटकुळा माणूस, पण दोराला दोघांचं वजन! तळहाताची सालं निघाली. मोटार बांधून घेतली असेल म्हणून मी शिव्या हासडल्या. काठावर आला तर एकटाच. दोर एकदम हलका.

"काय हुतं खाली?"

"नाव आठवंना," म्हणाला आणि चहा प्यायला. ती मोटार अजून तिथंच आहे.

*

यंदा रज्जाकनं अंथरूण धरलं. बोलणं बंद झालं. भाभी म्हणाली, "भाऊ, काय मागतात कळंना. सकाळपासून चादर ओढतात."

मी बघितलं. तीन हिसके. थांबला. परत तीन.

बसता करावा म्हणून काखेत हात घातले. नुसता हाडांचा सापळा, पण हलेना! भाभीनंही जोर लावला. हलेना. माझे तळहात त्याच जागी जळायला लागले.

"रज्जाक, लेका, काय हाय?"

त्यानं डोळे उघडले. कित्येक दिवसांनी तोंडातून शब्द निघाला.

"आठवलं नाव."