घाटावरच्या रेघा

आमच्या घाटाच्या भिंतीवर गुळगुळीत फरशा बसवायच्या ठरल्या, तेव्हा समितीत पहिला हात मी वर केला होता. गावाचा इतिहास लिहिणारा मी, पण त्या फरशांखाली काय गाडलं जाईल हे माझ्या मनातही आलं नाही.

काल नदीकाठच्या आळीतल्या हौसाबाई धुणं बाजूला ठेवून फरशांवरून तळवा फिरवत होत्या.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"मामंजींच्या रेघा. होडी चालवायचे, तवा दर पुराला पाणी चढंल तिथं छिन्नीनं रेघ मारायचे. खालची रेघ बुडाली की आमची आळी बिऱ्हाड हलवायची. आता फरशीला इचारू व्हय, गुर्जी?"

मला संताप आला, समितीचा आणि त्याहून माझा. कधीकाळी गावात एक रात्र मुक्काम करून गेलेल्या सरदाराच्या नावाची आम्ही घाटावर संगमरवरी पाटी लावली, आणि ज्या नावाड्यामुळे अख्खी आळी दर पुरात वाचली, त्याच्या खुणा बुजवल्या. नदीकाठच्या गावाला पाणी कुठवर आलं होतं यापेक्षा मोठा इतिहास कुठला? आणि पावसाळा तर तोंडावर आलाय.

मी त्यांच्याहून खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो.

"हौसाबाई, त्या रेघा मी बुजवल्या," म्हणालो. "माझं चुकलं. मला माफ करा, आणि फरशी कुठून फोडायची ते दाखवा."