कोरडा पुठ्ठा

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत विश्वजितनं टॅब पुढं सरकवला. त्याच्या गळ्यात टाय होता. पडद्यावर पूर्णिमाक्काच्या गाडीचं पोट दिसत होतं, काळं, तेलानं माखलेलं.

“इंजिनचं मागचं ऑइल सील गेलंय, मॅडम. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवायला लागतो. गाडीला वय झालंय, तर इंजिनच उघडून घेऊ. साठ हजारांच्या आत बसवतो. इथं सही करा.”

“तेल नेमकं कुठनं गळतंय, ते दाखवा की.”

“हे काय, फोटोत दिसतंय.”

“फोटोत तेल दिसतंय. गळती कुठं दिसती?”

विश्वजित हसला. गिऱ्हाइकाला असं हसायचं, हे काही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नसावं. ते त्याचं स्वतःचं होतं.

“अशीच नेलीत तर रस्त्यात बंद पडेल. मग जबाबदारी आमची नाही.”

तसं लिहून घ्यायचा कागद त्याच्याकडं छापील होता: ‘ग्राहकाने काम नाकारले.’ पूर्णिमाक्कानं सही केली आणि खाली आपल्या ठसठशीत अक्षरात एक ओळ वाढवली: ‘गळतीची जागा दाखवली नाही म्हणून.’

पूर्णिमा कुरणे कोडोलीची, वय सेहेचाळीस. पिवळ्या पाटीची ही व्हॅन तिच्या नवऱ्यानं, दादासोनं घेतलेली. साखर कारखान्यातली नोकरी सुटल्यावर तो ती चालवायचा. पुढं त्याच्या नजरेनं दगा दिला आणि घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली. तेव्हा चाळिशीच्या पूर्णिमानं कुणाला न विचारता लायसन्स काढलं. तेव्हापासून ती कोल्हापूरच्या स्टँडवरून माणसं भरते आणि जोतिबाला नेते. स्वतः देवळापर्यंत जात नाही. घरात बुद्धाची तसबीर आहे. डोंगरावर तिचं काम पार्किंगपुरतं.

“अक्का, एवढ्या खेपा केल्यासा, एकदा दर्शन घ्या की,” एखादी बाई म्हणतेच.

“तुमचा देव कुठं हलत न्हाय. माझं गिऱ्हाईक हलतंय,” हे तिचं ठरलेलं उत्तर.

गळती सुरू झाली त्याला महिना झाला होता. रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा घालायचा, सकाळी डाग बघायचा, कडेला तारीख टाकायची, असा तिचा नेम. पहिला डाग रुपयाएवढा होता, आताचा बशीएवढा.

सर्व्हिस सेंटरमधून ती घरी पोचली, तेव्हा दादासोचं ठरलेलं होतं.

“हातकणंगल्याचा एक पावणा रविवारी गाडी न्यायला तयार हाय. इंजिन उघडायच्या आधी जाऊ दे. साठ हजार घालून काय पदरात पडणार?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इंजिन खरंच गेलं असेल तर गाडी विकणंच शहाणपणाचं होतं. पण ते गेलंय, हे अजून कुणी दाखवलं नव्हतं.

“रविवारपतूर थांबा,” ती म्हणाली. “न्हाय सापडलं, तर किल्ली मीच त्याच्या हातात ठेवीन.”

शुक्रवारी सकाळी ती उद्यमनगरात केरबा मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी राहिली. केरबानं गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. पुढची सीट उचलली, खालचं इंजिन डिझेलनं धुतलं आणि हवा मारून कोरडं केलं.

“आता वरनं पावडर मारायची. तेल जिथनं फुटतंय, तिथं ती भिजती.” त्यानं फळीवरचा पावडरीचा डबा झटकला. रिकामा. “थांबा, शेजारनं आणतो.”

पूर्णिमाक्कानं गाडीच्या कप्प्यात हात घातला. उतारू विसरून गेलेल्या गुलालाच्या तीन पुड्या निघाल्या. “हे चालंल?”

केरबाचा हात थबकला. “अक्का, देवाचा गुलाल हाय.”

“देव तुमचा, इंजिन माझं. टाका.”

केरबा मोठ्यानं हसला. “सायलेन्सरच्या बाजूला नको,” म्हणत त्यानं पुडी फोडली. इंजिन गुलाबी झालं. सीट लावून दोघं शिरोली नाक्यापर्यंत जाऊन आले.

सीट उचलली. सगळीकडं कोरडा गुलाल, आणि त्यातून उतरलेली एकच काळपट रेघ. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली, पाठीवरून घसरत थेट मागच्या सीलजवळ, गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत गेलेली.

“तेल वरनं खाली आलंय,” केरबा म्हणाला, “आणि त्या पोरानं खालनं वर बघिटलं.”

कव्हर उघडलं तर आतलं रबरी पॅकिंग उष्णतेनं कडक झालेलं. केरबानं ते वाकवलं आणि त्याचा तुकडा पडला. नवीन पॅकिंग आणून बसवेपर्यंत दुपार झाली. मजुरी धरून हजाराच्या आत काम आटोपलं.

“मागचं सील पण म्हातारं झालंय, अक्का. फुडंमागं बदलायला लागंल. पण आज ते गळत न्हाय.”

“मग आज बदलायचं न्हाय.”

शनिवारचा पुठ्ठा कोरडा. रविवारचाही कोरडा. दहाच्या सुमारास हातकणंगल्याचा पाहुणा आला आणि टायरवर लाथ मारून भाव पाडायच्या तयारीला लागला. पूर्णिमाक्का किल्ली घेऊन बाहेर आली, पण त्याच्या हातात काही ठेवायला नव्हे.

“पावणं, आत बसून च्या घ्या. गाडी खेपेला चाललीय.”

दादासोनं गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढला, डोळ्याला लावून दोन्ही बाजूंनी उलटासुलटा केला आणि पाहुण्याला म्हणाला, “चला, च्या घेऊ.”

सोमवारी तिनं सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर तीन दिवसांचे तीन पुठ्ठे मांडले, तारखेनिशी. विश्वजितनं ते बघितले.

“सील तर जुनंच आहे ना, मॅडम.”

“जुनी मी पण हाय. गळत न्हाय.”

सोफ्यावर बसलेला एक गृहस्थ हातात खर्चाचा कागद घेऊन कधीपासून ऐकत होता. तो उठून जवळ आला. “अक्का, मला पण हेच सील सांगितलंय. सही करायचीच होती आत्ता.”

“जागा दाखवली का?”

गृहस्थानं पेन खिशात घातलं आणि तो विश्वजितकडं वळला.

“दाखवा की.”