माझ्या वाट्याच्या तीन इच्छा

फोन आला तेव्हा मी एटोबिकोच्या आमच्या काँडोच्या इमारतीखाली गाडीतून ग्रोसरीच्या पिशव्या काढत होते. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमधून रेजिनाची लेक बोलत होती. “आँटी, मॉम इज गॉन...” मी “ओके बेटा” म्हणाले, वर गेले, दूध फ्रीजमध्ये ठेवलं आणि ही बातमी सांगायला म्हणून रेजिनाचाच नंबर लावला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय!

रेजिना वसईची, ख्रिस्ती; मी नागपूरची, बौद्ध. इथे परदेशात, वॉन शहरातल्या एका वेअरहाउसच्या ऑफिसात आमची टेबलं समोरासमोर होती. फोनवर भावाला “मेल्या, किती वेळा सांगू?” असं मराठीत झापताना मी तिला ऐकलं आणि उठून तिच्याजवळ गेलेच. तेव्हापासून डबे एकत्र, विंटर टायर बदलायला एकत्र, नवऱ्यांना नावं ठेवायलाही एकत्र. तिचा नवरा आधी गेला. पुढे माझे हे गेले आणि मी घराबाहेर पडेनाशी झाले, तेव्हा तिने मला न विचारता पोर्तुगालची तिकिटं काढली. २०१६चा फॉल होता तो.

पोर्तुगाल कसलं, नुसती चर्चच चर्च! रेजिना त्यांना आपल्या वसईच्या पद्धतीने देऊळच म्हणायची. तिच्याकडे रीत अशी की, नव्या देवळात पहिल्यांदा पाऊल टाकलं की तीन इच्छा मागायच्या. त्यामुळे मोठी कॅथेड्रल तर झालीच, पण गल्लीबोळातलं एखादं कुलूप लावायच्या बेतात असलेलं चर्च दिसलं तरी बाई धावत सुटायची. दारातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवायची, गुडघे टेकायची. मी मागच्या बाकावर बसून दुखरे पाय चोळायचे. छत बघायचे, सोन्याने मढवलेल्या वेदीला किती सोनं लागलं असेल याचा विचार करायचे.

“तू काहीच मागत नाहीस?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

“कुणाकडे मागू?”

“मग वाया कशाला घालवतेस? तुझ्या तीन मला दे.”

“घे की. ट्रान्सफर केल्या समज.”

मग प्रत्येक दारात ती हात पुढे करायची आणि मी तिच्या तळव्यावर टाळी द्यायचे. खूप हसलो आम्ही त्या प्रवासात. हे गेल्यानंतर मी हसले ती तिथेच.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत तिचा आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाली, “तुझ्या वाट्यातून मी काय मागायचे, कधी विचारलं नाहीस.”

“काय मागायचीस?”

“हिच्याआधी मला ने... एकदा एकटीने राहून बघितलंय गं. आता परत नाही जमणार.”

“आणि मला जमेल?”

“तुला जमेल. तू कुठे कुणाकडे काही मागतेस?”

मी तिचं पांघरूण नीट केलं आणि आता झोप म्हणाले. पण मला राग आला होता. अजून आहे. माझ्याच वाट्यातून मागितलंस, आणि तेही मला मागे ठेवून जायचं! शनिवारी दुपारी, आमच्या गप्पांच्या वेळेला, हा राग सांगायलाही कुणी नसतं. टीव्ही लावते, बंद करते.

परवा तिला जाऊन महिना झाला म्हणून प्रार्थनेची मिस्सा झाली, लेकीच्या घराजवळच्या नव्या चर्चमध्ये. मी तिथे कधी गेले नव्हते. दारात लेक कानाशी वाकून म्हणाली, “आँटी, फर्स्ट टाइम हिअर? यू गेट थ्री विशेस.” मी मान हलवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. शेजारची जागा रिकामी होती. काय मागायचं ते मला पक्कं ठाऊक होतं, तीन कशाला, एकच पुरे होतं. पण वर ऐकणारं कुणी नाही, हेही मला जन्मभर पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.