स्कॉलरशिपच्या बॅचमधली जागा

मूल चौथीत गेलं की काय काय होणार, हे जूनच्या पालकसभेत वर्गाच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. भागाकार लांबतील. निबंध पाठ करून चालणार नाहीत. इतिहासात महाराज येतील, किल्ल्यांची चित्रं काढावी लागतील. दप्तर मुलांनी स्वतः भरायचं आणि डबा विसरला तर आईने रिक्षा करून धावत यायचं नाही. शेवटी म्हणाल्या, "स्कॉलरशिपसाठी रोज सकाळी शाळा भरण्याआधी जादा बॅच असेल. जागा थोड्या आहेत." मी मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. मनात म्हटलं, यातली एक जागा आपली.

बाईंनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. चौथीतलं मूल आपलं बोलणं ऐकतं आणि खरं धरतं.

माझं बिबवेवाडीत जुन्या ऑफिस फर्निचरचं दुकान आहे. एखादी आयटी कंपनी जागा बदलते तेव्हा तिथल्या खुर्च्या-टेबलं मी एकगठ्ठा उचलतो. दहावीनंतर शिकलो नाही. दुसऱ्यांच्या टेम्पोत माल चढवत हा धंदा शिकलो, आणि त्यात पहिली शिकलेली गोष्ट अशी की जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. खुर्ची चांगली असेल तर तिचा हात हलवून बघायचा, तोंड वाकडं करायचं, "राहू द्या, नाही दिलीत तरी चालेल" म्हणायचं आणि दाराकडे निघायचं. समोरचा हाक मारतोच. आजवर एकदाही चुकलेलं नाही.

लेकीला बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचा नाद आहे. आरशात आकृती कशी दिसेल, कागदाची घडी उलगडल्यावर भोकं कुठे येतील, असले प्रश्न. शाळा सुटली की दुकानात येते, विकायला ठेवलेल्या फिरत्या खुर्चीत बसते, अडलं की गरागरा फिरते आणि थांबली की उत्तर सांगते. गिऱ्हाईक उभं राहून बघत बसतं. बॅचमध्ये कधी घेणार, हे रोज विचारायची.

बॅच ठरवण्यासाठी बाईंनी एकेका मुलाला पालकांसह बोलावलं. लेक माझ्या शेजारी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

"हिला बॅचमध्ये घ्यावं असं वाटतंय," बाई म्हणाल्या. "आपली तयारी आहे का? सकाळी लवकर आणून सोडावं लागेल."

आता समोरचा स्वतःहून देतोय म्हटल्यावर मी लगेच हात पुढे करणार का? जिभेला वळणच तसं आहे.

"बघू," मी म्हणालो. "तसं तिचं लक्ष नसतं हो अभ्यासात. आम्हाला काही घाई नाही. नाही घेतलंत तरी चालेल."

आणि थांबलो. आता बाई म्हणणार, अहो असं काय करता, किती हुशार मुलगी आहे. बाई म्हणाल्या, "बरं. आपण म्हणता तसं." आणि पुढच्या पालकांना हाक मारली.

दोन दिवसांनी शाळेच्या ग्रुपवर बॅचमधल्या मुलांची नावं आली. लेकीचं नव्हतं. मी दुकानातच ओरडलो. संध्याकाळी घरी गेलो तर ती टीव्हीसमोर बसलेली.

"आज प्रश्न सोडवले नाहीस?"

"माझं लक्ष नसतं ना," ती म्हणाली. रागाने नाही, सरळ. जसं तिचं वजन किंवा उंची सांगावी तसं.

"अगं, ते बोलायचं असतं तसं!"

"का?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरगी म्हणजे काय मोडकं कपाट आहे का, खोड काढून दाखवायला?"

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन शाळेत गेलो. ऑफिसातल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "बाहेरची पाटी वाचलीत?"

"वाचली. पालकांनी शनिवारी भेटावं."

"मग आज शनिवार आहे असं वाटलं का आपल्याला?"

त्याच्याशी माझं जे झालं ते ऐकून बाई स्वतःच वर्गातून बाहेर आल्या.

"अहो, आपणच नको म्हणालात."

"नको कुठे म्हणालो? नाही घेतलंत तरी चालेल म्हणालो."

"मग नाही घेतलं."

"इतकी वर्षं पालक बघताय तुम्ही. बाप असं बोलतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, कळत नाही तुम्हाला?"

"नाही कळत," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी एका मुलाला घरच्यांनी मधूनच काढलं. रडत गेला. तेव्हापासून मी आधी विचारते, आणि जे सांगतात ते धरून चालते." मग त्या लेकीकडे वळल्या. "तुला यायचंय का गं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे. "मला यायचंय. पण माझं लक्ष नसतं, असं बाबा म्हणतो."

"मी तुला विचारलं."

"यायचंय."

"शेवटच्या बाकावर बस. जागा भरल्यात, त्यामुळे पहिल्या चाचणीपर्यंत बघू, मग परीक्षेला बसवायचं की नाही ते ठरवू."

शेवटचा बाक? तिथून फळा तरी दिसतो का? आणि चाचणीपर्यंत म्हणजे काय, बाकीच्यांना अशी अट आहे का? मी तोंड उघडलं.

"बाबा, तू बोलू नको," लेक म्हणाली.

क्लार्क खिडकीतून ऐकत होता. धंद्यात मला असं कोणी गप्प केलेलं नाही.

अजूनही मला वाटतं, दोष बाईंचा आहे. एक वाक्य जास्त बोलल्या असत्या तर त्यांचं काय गेलं असतं? बायकोशी रोज याच्यावरून वाजतं. पण सकाळी अंधारात धायरीच्या घरून स्कूटर काढून मीच तिला सोडतो. पूर्वी हात हलवायची, आता फाटकातून सरळ आत जाते. चाचणी झाली त्या दिवशी दुकानात आली, फिरत्या खुर्चीवर न बसता स्टुलावर बसली.

"कशी गेली?"

"बरी."

बरी म्हणजे किती बरी, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. काही काढता येईना. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "निकाल लागला की बाई सांगतील." आणि आईला फोन लावून सगळा पेपर, प्रश्नापासून उत्तरापर्यंत, माझ्याकडे पाठ करून सांगत बसली.