डावीकडची वाटी

यज्ञेश्वर खांबेट्यांनी आयुष्यात कधी चूक कबूल केली नव्हती. कारण विचारलं तर ते सांगत, तशी वेळच आली नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, शेवटची सहा हेडक्लार्क म्हणून. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण खांबेट्यांनी फाइलवर 'सबब अमान्य' लिहिलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ते खोडत नसत. घरी पद्मजाकाकू पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे दोनच मतं असतात. एक यांचं आणि एक चुकीचं."

असा माणूस निवृत्त झाला, पेठेतली जागा सोडून कर्वेनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये आला आणि पंचाईत झाली. वाद घालायला कुणी उरलंच नाही. मुलगा आमोद सकाळी सातला हिंजवडीच्या बसमध्ये बसायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा, आणि 'बाबा, तुमचंच बरोबर' म्हणून जेवायला बसायचा. असल्या विजयात काय राम?

मग एका रविवारी ते मैदानाला चक्कर मारत असताना एक पांढरा चेंडू गडगडत येऊन त्यांच्या बुटापाशी थांबला. तो न्यायला एक उंच, काटकुळी मुलगी धावत आली. खांबेटे तिला म्हणाले, "कोपर वाकवून टाकतेस तू. नो-बॉल आहे हा."

"काका, हे बेसबॉल आहे."

"मग तर सगळंच चुकतंय," असं म्हणून ते बघायला थांबले, ते तीन वर्षं थांबले.

त्याला कारणही तसंच होतं. या खेळात चेंडू टाकणारीला पिचर म्हणतात, आणि क्रिकेटसारखी सहा चेंडूंनी तिची सुटका होत नाही. प्रशिक्षक काढत नाही तोवर तीच टाकत राहते. म्हणजे 'हिला ठेवा' की 'हिला काढा' हा वाद पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत घालता येतो. हा खेळ कुणीतरी आपल्यासाठीच काढलाय अशी खांबेट्यांची खात्री पटली. सकाळी दात घासतानाच ते फोनवर अमेरिकेतले सामने लावू लागले. पद्मजाकाकूंनी देवापुढे हात जोडले; निदान नवरा आता सोसायटीच्या वॉचमनशी भांडणार नाही.

मैदानाच्या कडेला दुर्गाबाईंचं चहाचं टेबल होतं आणि टेबलाला लागून एक बाक. त्या बाकावर दर रविवारी तिघं बसायचे. टेबलाच्या बाजूला खांबेटे. मध्ये ज्ञानदेव, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जन्म लोणी काळभोरचा, आता मुलाकडे राहायला. पलीकडे कादंबरी, कुठल्याशा कंपनीत आकड्यांचंच काम करणारी पोरगी. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून झाल्यावर ही रविवारी परत आकडेच बघायला येते याचं ज्ञानदेवांना भारी कौतुक.

वाद ठरलेला. संघात पिचर दोघी. रुपाली, म्हणजे तीच काटकुळी, हात असा फिरवायची की समोरचीला चेंडू दिसायच्या आत तो मागच्या कॅचरच्या हातमोज्यात. आणि श्रद्धा, बुटकी, शांत, चेंडू सावकाश पण नेमका टाकणारी. खांबेटे रुपालीचे. ज्ञानदेव श्रद्धाचे.

"रुपाली सुरुवात करेल आणि रुपालीच संपवेल. त्या श्रद्धाचा चेंडू येईपर्यंत बॅटरचं लग्न होऊन बारसं होतं," खांबेटे म्हणायचे.

"अहो, गाडी नुसती पळवून चालत न्हाई. पोचवावी बी लागती," ज्ञानदेव म्हणायचे.

"काका, लेट इनिंग्जमध्ये रुपालीचा स्पीड ड्रॉप होतो. डेटा आहे माझ्याकडे," कादंबरी फोन पुढे करायची.

"तुझ्या फोनला डोळे आहेत का? मला आहेत." की संपला विषय.

दुर्गाबाई या वादात पडायच्या नाहीत. त्या हिंगोलीकडच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन पुण्यात आल्या, आणि ती लेक म्हणजेच रुपाली. दोन वर्षांपूर्वी रुपालीचं कोपर सुजून भोपळा झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं, एका सामन्यात पंचाहत्तर चेंडू, त्यापुढे एक नाही. नाहीतर आतली शीर तुटेल आणि खेळ कायमचा सुटेल. रुपालीला विचारावं तर ती 'काही दुखत नाही' म्हणणार. प्रशिक्षक आनंद सरांना एकाच वेळी नऊ पोरींकडे बघायचं असायचं. तेव्हा मोजायचं काम आईनेच घेतलं.

लिहीत बसायला हात मोकळे नसायचे, म्हणून त्यांनी आपली रीत काढली. घरून शंभर खारे शेंगदाणे मोजून आणायचे, उजवीकडच्या वाटीत ठेवायचे. लेकीने चेंडू टाकला की त्यातला एक डावीकडच्या वाटीत. एका हाताने चहा गाळायचा, दुसऱ्याने शेंगदाणा टाकायचा. सरांनी विचारलं की डावीकडची वाटी मोजून आकडा सांगायचा. दोन वर्षांत आकडा कधी चुकला नव्हता. कादंबरीनेसुद्धा दोनदा ताडून बघितला आणि मग नाद सोडला.

आता शहर लीगचा अंतिम सामना. समोर लोणी काळभोरच्या मुली, ज्यांनी आपल्याला सलग चार वर्षं धूळ चारलेली. त्यातच रुपालीची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती. पंधरवड्यावर जायचं होतं. खांबेटे तर जणू स्वतःच निवडले गेल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"आज तुम्ही कुणाकडनं?" त्यांनी ज्ञानदेवांना डिवचलं. "माहेरकडनं की सासरकडनं?"

"मी श्रद्धाकडनं," ज्ञानदेव म्हणाले. "लिहून ठेवा. सहाव्या डावात तिला आणा, कप आपला हाय."

झालं. तिथून जी जुंपली ती जुंपलीच. सामना सात डावांचा. चौथ्या डावापर्यंत आपण चार-दोनने पुढे होतो आणि खांबेटे ज्ञानदेवांकडे तोंड करून, एक हात हवेत नाचवत, रुपालीला शेवटपर्यंत का ठेवायचं याची सतरा कारणं सांगत होते. दुसरा हात काय करत होता याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, खुद्द खांबेट्यांचंही. दुर्गाबाईंपुढे चहाला ही गर्दी. त्या मान वर करून चेंडू बघायच्या, न बघता शेंगदाणा टाकायच्या आणि परत पातेल्याकडे वळायच्या.

सहावा डाव संपला तेव्हा चार-तीन. एकच डाव राहिला. आनंद सर टेबलापाशी आले. "दुर्गाबाई, किती झाले?"

दुर्गाबाईंनी डावीकडची वाटी पदराच्या टोकावर ओतली, पाच-पाचने मोजली. "बासष्ट."

"बघा," खांबेट्यांनी मांडीवर थाप मारली. "तेरा शिल्लक आहेत. एका डावाला रग्गड."

"पोरगी हात झटकाय लागलीया," ज्ञानदेव हळूच म्हणाले. "मघापासनं बघतोय मी."

"सर, मला पण जास्त वाटतायत," कादंबरी म्हणाली. "आज फाउल खूप गेलेत, तेवढे चेंडू वाढतात."

"वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं," खांबेट्यांनी निकाल दिला. सरांनी मान डोलावली आणि रुपालीला खूण केली. ती परत मैदानात गेली.

खांबेटे समाधानाने मागे टेकले, ओठांवरून जीभ फिरवली, आणि जिभेला खारट लागलं. बोटाने पुसलं तर बोटावर शेंगदाण्याचं लाल टरफल.

त्यांनी खाली बघितलं. इस्त्रीच्या शर्टावर, मांडीवर, टरफलंच टरफलं. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी खारे दाणे बंद केले होते तेव्हापासून घरात डबा लपवून ठेवलेला असायचा, आणि म्हणूनच की काय, बाहेर वाटी दिसली की त्यांचा हात आपोआप जायचा. टेबलाच्या त्यांच्या बाजूला, अगदी हाताशी, होती ती डावीकडची वाटी.

किती खाल्ले? देव जाणे. दहा? तीस? वाद घालताना मोजून खातो का कुणी?

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? टरफलं झटकली की झालं. एक डाव. चार वर्षांनी कप. आणि उठून सांगायचं तरी काय? की इतकी वर्षं ज्या खांबेट्याने सगळ्यांना अक्कल शिकवली त्याने पोरीच्या हाताचा हिशेब चघळून खाल्ला? तेही ज्ञानदेवासमोर? त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं की जमीन दुभंगावी. पण कर्वेनगरची जमीन, सगळी सिमेंटची. ती कुठली दुभंगतेय.

रुपालीने सातव्या डावाचा पहिला चेंडू टाकला. दुर्गाबाईंनी एक शेंगदाणा वाटीत टाकला. रुपालीने आईकडे पाठ केली आणि डाव्या हाताने उजवं कोपर क्षणभर दाबून धरलं. आईला दिसलं नाही. खांबेट्यांना दिसलं.

ते उठले. चुन्याची रेघ ओलांडून सरळ आत चालत गेले. पंचांनी खेळ थांबवला. "काका, बाहेर व्हा," आनंद सर ओरडले.

"तिला काढा," खांबेटे म्हणाले.

बाकावर ज्ञानदेवांचा चहा हातातच राहिला.

"आकडा चुकला आहे. दुर्गाबाईंची चूक नाही. वाटीतले शेंगदाणे मी खाल्ले."

लोणीच्या बाजूने हशा फुटला, मग आपल्याही. खांबेट्यांचे कान तापले, पण ते हलले नाहीत. "उजवीकडची वाटी मोजा," ते म्हणाले. "तिच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता."

दुर्गाबाईंनी मोजली. उजवीकडे उरले होते अकरा. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "शंभरातून अकरा गेले," त्या म्हणाल्या, "एकोणनव्वद झाले, सर."

चौदा चेंडू जास्त. सरांनी रुपालीच्या हातातून चेंडू काढून घेतला. ती खांबेट्यांच्या शेजारून गेली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "काका, एकच डाव होता ना," एवढंच ती म्हणाली.

श्रद्धा आली. तिने खरोखर चांगले चेंडू टाकले, पण लोणीच्या एका मुलीने त्यातला एक थेट कुंपणापार भिरकावला आणि ती व आधीच बेसवर उभी असलेली तिची जोडीदार, दोघींची धाव झाली. पाच-चार. उरलेल्या पाळीत आपल्या पोरींना एकही धाव जमली नाही. हरलो. ज्ञानदेवांना 'मी सांगत होतो, सहाव्यातच आणायची' असं म्हणायचा पूर्ण अधिकार होता. त्यांनी तो वापरला नाही, आणि खांबेट्यांना तेच जास्त लागलं. दुर्गाबाई पातेली आवरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

घरी पद्मजाकाकूंनी शर्टाकडे बघितलं. "खारे दाणे?"

"हो," खांबेटे म्हणाले. "माझं चुकलं."

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

पुढचे दोन रविवार ते मैदानावर गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. फोनवर सामनेसुद्धा लावले नाहीत. काकूंना घरातली शांतता चावायला लागली, शेवटी त्यांनीच शेजारच्या दुकानदाराचा विषय काढून बघितला, तर खांबेटे म्हणाले, "असेल त्याचंही बरोबर." तेव्हा मात्र काकू खऱ्या घाबरल्या आणि त्यांनी ज्ञानदेवांना फोन केला.

तिसऱ्या रविवारी सकाळी ज्ञानदेव दारात हजर. "चला. मैत्रीचा सामना हाय. त्या कादंबरीसंगं वाद घालून माझं डोकं उठलंया. ती आकडं सांगती, मला शिव्या बी देता येईनात."

खांबेटे गेले, पण बाकावर न बसता लांब उभे राहिले. तिथे त्यांना रुपाली दिसली, हाताला पट्टा बांधून बसलेली. ती स्वतःच उठून आली. "डॉक्टर म्हणाले, शीर थोडक्यात वाचली. अजून दहा-पंधरा टाकले असते तर गेलीच होती. सरांनी शिबिराला कळवलंय, आठ दिवस उशिरा चालेल म्हणाले." मग म्हणाली, "मी त्या दिवशी तुम्हाला मनात खूप शिव्या दिल्या, काका."

"बरोबरच दिल्यास," खांबेटे म्हणाले.

"ओ काका," टेबलामागून दुर्गाबाईंनी हाक मारली. "तिकडं कामून उभे राहिले? या इकडं."

ते जाऊन आपल्या जागी बसले. दुर्गाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मग दोन वाट्या आणून ठेवल्या. उजवीकडची भरलेली, डावीकडची रिकामी. भरलेल्या वाटीत चिंचोके होते, काळेभोर, गुळगुळीत.

"आता खाऊन दाखवा म्हणावं," ज्ञानदेव म्हणाले आणि कादंबरी खुदकन हसली.

दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही वाट्या खांबेट्यांकडे सरकवल्या. "आजपासून तुम्ही मोजायचं. माझ्याच्यानं चहा आणि मोजणं दोन्ही होत नाही."

"मी?" खांबेटे म्हणाले. "अहो, माझ्यामुळेच तर..."

"तुम्ही खाल्ले ते कुणालाच दिसलं नव्हतं," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझी पोरगी शिबिराहून आली की तिचे चेंडू पण तुम्हीच मोजायचे. आता चहा प्या, गार व्हायलाय."

खांबेट्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुसला.

सामना सुरू झाला. श्रद्धा चेंडू टाकायला उभी राहिली. ज्ञानदेवांनी घसा खाकरला आणि मुद्दाम, अगदी मोठ्याने म्हणाले, "बघा, हिला सुरुवातीलाच आणली की कसं बरं वाटतं. त्या रुपालीपेक्षा ही केव्हाही सरस. काय वो, खांबेटे?"

खांबेट्यांच्या जिभेवर सतरा उत्तरं आली. श्रद्धाच्या हातातून चेंडू सुटला. त्यांनी एक चिंचोका उचलला, डावीकडच्या वाटीत ठेवला आणि म्हणाले, "एक."