मुनीरभाईंची रेघ

मुनीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला एका क्लासच्या जाहिरातीचे रंग जुळवत होते. "मावशी, अब्बा गेले..." त्यांची शबाना एवढंच बोलू शकली. समोर स्कोपवर, म्हणजे चित्रातला रंग मोजून दाखवणाऱ्या चौकटीत, ठिपके थरथरत होते. ते वाचायला मला मुनीरभाईंनीच शिकवलं.

भूकंपाच्या वर्षी नांदेडला त्यांच्या स्टुडिओत मी लग्नाच्या कॅसेटवर नावं टाकायचे. नवरी गोरी दिसलीच पाहिजे, हा धंद्याचा पहिला नियम, आणि मुनीरभाई त्यात उस्ताद. एक दिवस भूकंपात लेक गमावलेली एक बाई आली. घराबरोबर फोटोही गाडले गेले होते. सोयऱ्यांकडे होती म्हणून लेकीच्या लग्नाची आमची कॅसेट तेवढी वाचली होती. आम्ही ती लावली. बाई बराच वेळ बघत राहिली.

"ही माझी न्हाई. माझी लेक काळी व्हती. तिचं तोंड दावा की, भाऊ."

रंग खाली उतरवून पाहिला, पण पांढऱ्यात बुडालेला चेहरा परत येत नाही. शूटिंगच्या मूळ कॅसेटवर आम्ही केव्हाच दुसरं लग्न भरलं होतं. मुनीरभाई मान खाली घालून म्हणाले, "माय, मीच पुसून टाकलो तिला." त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढे कॉम्प्युटर आला, त्यात स्कोप आला. त्यावर कातडीच्या रंगाची एक तिरपी रेघ असते. उजेड नीट असेल तर गोरा असो की काळा, सगळ्यांचे ठिपके तिच्याच आसपास येतात. हे कळलं त्या दिवशी या पन्नाशीच्या गृहस्थानं मला, शबानाला, चहावाल्यालासुद्धा कॅमेऱ्यापुढे उभं केलं. "बघ, अल्लाची सगळी लेकरं एकाच रेघेवर हायेत!"

लातुरात क्लासेसचं पीक आलं, आम्हालाही त्यांच्या जाहिरातींची कामं मिळू लागली. एका क्लासचे सर म्हणाले, "ही भोकरची पोरगी पहिली आली खरी, पण लई काळी दिसून राहिली. जरा उजळवा." वर्षभराचं काम त्यांच्या हातात होतं. मुनीरभाईंनी हात जोडले. "सर, तिची माय बघणार हाय. तिला वळखू येऊ द्या." काम गेलं. मी तेव्हा खूप चिडले होते. खरं सांगायचं तर थोडी अजूनही आहे. पण असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

या लेखासाठी पुरवणीवाल्यांनी त्यांचा फोटो मागितला. पाठवला, तर निरोप आला, "काळपट आहे, जरा उजळून द्याल का?" फोटो स्कोपवर टाकला. हात सवयीनं उजळवायच्या बटणाकडे गेलाही... ठिपके रेघेवर बसले होते. शेजारी शबाना होती. बराच वेळ बघून म्हणाली, "अब्बाच हायेत. राहू द्या, मावशी."

फोटो आहे तसाच पाठवला आहे. छापून काळा आला असेल, तर ते मुनीरभाईच आहेत.